दुसऱ्याची दंतकथा, आपला स्वर : आर्नल्ड बॅक्स यांची केल्टिक स्वरकाव्ये

आपल्या वार्षिकाच्या मराठी विभागात संगीतावर लेख आला की तो बहुधा नाट्यसंगीतावर असतो, नाहीतर एखाद्या बुवांच्या आठवणींवर. त्यात नवल नाही. कुमार गंधर्व ज्या सुळेभावीत जन्मले ते गाव इथून हाकेच्या अंतरावर आहे. पंडित रामभाऊ विजापुरे यांची हार्मोनियम बेळगावातील दोन-तीन पिढ्यांनी ऐकली. असे असताना वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थिनीने उठून इंग्रज संगीतकाराच्या वाद्यवृंदावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. वर्गातल्या एका मैत्रिणीने तो विचारलाही. "हे आपले कुठे?" असे तिचे शब्द होते. या लेखाचा विषय खरे तर तिचा हाच प्रश्न आहे, कारण ज्या संगीतकाराबद्दल मी लिहिणार आहे त्याला हाच प्रश्न जन्मभर चिकटला होता. दंतकथा त्याची नव्हती, भाषा त्याची नव्हती, मुलूखही त्याचा नव्हता, आणि तरीही त्याने आपले उत्तम संगीत त्यांतूनच निर्माण केले.

आर्नल्ड बॅक्स हे त्याचे नाव.

स्वरकाव्य म्हणजे काय?

आधी थोडी ओळख करून घेऊ. पाश्चात्य वाद्यवृंदात चार कुळे असतात. व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास ही तंतुवाद्ये. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट आणि बसून ही फुंकून वाजवायची लाकडी वाद्ये. हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा ही पितळी वाद्ये. आणि नगाऱ्यासारखी तालवाद्ये. त्यांच्या जोडीला पुष्कळदा हार्प असते. यांतली निम्मी वाद्ये आपल्याला परकी नाहीत. लग्नाच्या वरातीतला बँडवाला क्लॅरिनेटवर नवरदेवाच्या फर्माइशीचे गाणे वाजवतो, आणि कॅम्पातल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रामुळे पितळी वाद्यांचा बँड बेळगावकरांच्या चांगल्या ओळखीचा आहे. फरक एवढाच की वाद्यवृंदात ही सर्व वाद्ये एकच चाल वाजवीत नाहीत. प्रत्येकाचे काम वेगळे, आणि सर्वांचे मिळून एक चित्र उभे राहते.

अशा वाद्यवृंदासाठी लिहिलेली, एखादी कथा, कविता किंवा स्थळ मनात धरून रचलेली एकसंध रचना म्हणजे स्वरकाव्य. फ्रान्झ लिस्ट या हंगेरियन संगीतकाराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा प्रकार रूढ केला. यात गायक नसतो, शब्द नसतात, रंगमंच नसतो. कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा कथा शब्दांनी पुढे जाते आणि साथीची पेटी तिला आधार देते. इथे शब्द काढून घेतले आहेत आणि सारे आख्यान पेटीवरच सोपवले आहे, अशी कल्पना करावी. ऐकणाऱ्याला कथा आधी ठाऊक असली तर गोडी वाढते. म्हणून संगीतकार कार्यक्रमपत्रिकेत चार ओळींचे टिपण देतो आणि मग बाजूला होतो.

लंडनचा मुलगा आणि आयर्लंडची ओढ

बॅक्स यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८८३ रोजी लंडनच्या स्ट्रेथम भागात झाला. घर सधन होते. पोटासाठी नोकरी करण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. १९०० ते १९०५ या काळात ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकले. त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते मात्र एका पुस्तकाने. १९०२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांच्या हाती डब्ल्यू. बी. येट्स या आयरिश कवीचे ओशीन या वीराच्या भ्रमंतीवरील दीर्घकाव्य पडले. त्या काव्याने ते इतके भारावले की तडक आयर्लंडला गेले आणि पुढे पुन्हा पुन्हा जात राहिले.

आयर्लंडच्या वायव्य टोकाला डोनेगल परगण्यात ग्लेनकोलमकिल नावाचे समुद्रकाठचे खेडे आहे. तिथे कोळ्या-शेतकऱ्यांच्या वस्तीत ते महिनोन् महिने राहिले. आयरिश भाषा शिकले. १९११ नंतर काही काळ त्यांनी डब्लिनला बिऱ्हाड केले. तिथल्या लेखक-कवींत ते वावरले, आणि 'डर्मट ओ'बर्न' असे अस्सल आयरिश टोपणनाव घेऊन कथा-कविता लिहू लागले. त्यांना ओळखणाऱ्या कित्येकांना हा कवी आणि लंडनचा संगीतकार एकच आहेत हे माहीतही नव्हते.

केल्टिक म्हणजे नेमके कोण, हेही इथे सांगितले पाहिजे. आयर्लंड, स्कॉटलंडचा डोंगराळ भाग, वेल्स, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचा कॉर्नवॉल आणि फ्रान्समधील ब्रिटनी या प्रदेशांतील जुन्या भाषा एका कुळातल्या आहेत. त्या कुळाचे नाव केल्टिक. इंग्रजी त्या कुळातली नाही. इंग्रजीच्या रेट्यापुढे या भाषा मागे हटत गेल्या. कॉर्नवॉलची भाषा तर अठराव्या शतकाच्या अखेरीस लोकांच्या तोंडून जवळजवळ नाहीशी झाली आणि विसाव्या शतकात तिला पुन्हा जिवंत करण्याचे प्रयत्न सुरू झाले. म्हणजे बॅक्स यांनी ज्या लोकांच्या कथा घेतल्या, त्यांची भाषा मागे रेटणाऱ्या समाजातच त्यांचा स्वतःचा जन्म झाला होता. त्यांचे संगीत ऐकताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

तीन स्वरकाव्ये

पहिले 'इन द फेअरी हिल्स', म्हणजे पऱ्यांच्या टेकड्यांत. ते १९०९ सालचे. हेन्री वुड या प्रसिद्ध संचालकासाठी लिहिलेली ही रचना १९१० मध्ये लंडनला वाजली. तिच्या मध्यभागी येट्सच्या काव्यातला एक प्रसंग आहे. अमर लोकांच्या मुलुखात गेलेल्या ओशीनच्या हाती ते एक हार्प देतात आणि गायला सांगतात. तो माणसांच्या सुखाचे गाणे म्हणतो. पण ज्यांना मरण नाही त्यांना ते सुखाचे गाणे जगातले सर्वांत दुःखी गाणे वाटते. ते हार्प हिसकावून पाण्यात फेकून देतात आणि पुन्हा नाचात दंग होतात. माणसाचे सुख संपणारे असते म्हणून ते अमरांना दुःखासारखे ऐकू येते, ही कल्पना मला फार मोठी वाटली. बॅक्स ती कशी उभी करतात? दोन्ही बाजूंना चपळ, झगमगते नृत्य ठेवतात आणि मधे एकदम संथ, मानवी आवाजाचे गाणे आणतात. शब्द एकही नसताना तिथे कोण गातो आहे हे कळते.

दुसरे 'द गार्डन ऑफ फँड', म्हणजे फँडची बाग. हे १९१३ साली रचले, वाद्यवृंदासाठी १९१६ मध्ये लिहून पूर्ण केले, आणि १९२० साली अमेरिकेत शिकागोला प्रथम वाजले. यातली बाग म्हणजे समुद्र. फँड ही समुद्राचा अधिपती मनानान याची राणी. आयर्लंडचा महावीर कुखुलिन तिच्या मोहात पडून कर्तव्य विसरतो. शेवटी त्याची पत्नी एमर त्याला परत न्यायला येते. तिचे प्रेम पाहून फँड स्वतःच त्याला सोडून देते, आणि ती दोघे पुन्हा कधी भेटू नयेत म्हणून मनानान दोघांच्या मधे आपला झगा झटकतो. बॅक्स यांनी ही कथा प्रसंगाप्रसंगाने वाजवलेली नाही. त्यांनी समुद्र घेतला. आरंभी फ्लूट, हार्प आणि अनेक पदरांत विभागलेली व्हायोलिने मिळून शांत, उन्हात चमकणारे पाणी उभे करतात. एक लहान गलबत फँडच्या बेटाला लागते. तिथे नाच चालू आहे. मग फँडचे प्रेमगीत येते, आणि अखेरीस लाट उठून सारे गिळून टाकते. पाणी पुन्हा शांत होते; बेटही नाही आणि माणसेही नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर, कारवार किंवा मालवणला, पावसाळा संपल्यावरचा समुद्र ज्यांनी पाहिला आहे त्यांना या रचनेच्या पहिल्या दोन मिनिटांत तो भेटेल.

तिसरे 'टिंटॅजेल' हे सर्वांत गाजलेले. कॉर्नवॉलच्या खडकाळ किनाऱ्यावर टिंटॅजेल येथे एका कड्यावर पडका किल्ला आहे. राजा आर्थरची कथा त्या स्थळाशी बाराव्या शतकातच जोडली गेली. आज दिसणाऱ्या भिंती मात्र तेराव्या शतकातल्या, म्हणजे कथेतल्या राजाच्या कितीतरी नंतरच्या. १९१७ च्या उन्हाळ्यात बॅक्स तिथे सहा आठवडे राहिले. सोबत हॅरिएट कोहेन ही पियानोवादिका होती आणि ही रचना तिलाच अर्पण केलेली आहे. १९१९ च्या आरंभी वाद्यवृंदाचे काम पुरे झाले आणि १९२१ मध्ये बोर्नमथ येथे ती प्रथम वाजली.

'टिंटॅजेल' सुमारे पंधरा मिनिटांचे आहे. नवख्या श्रोत्याने इथूनच सुरुवात करावी. ऐकताना तीन टप्पे लक्षात ठेवावेत. पहिल्या टप्प्यात खाली पाण्याची कुजबुज चालू असते आणि तिच्यावर पितळी वाद्ये हळूहळू एक भारदस्त चाल उभारतात. हा कड्यावरचा किल्ला. त्यानंतर तंतुवाद्यांवर एक लांबलचक, रुंद चाल येते. हा अटलांटिक महासागर. दुसऱ्या टप्प्यात वारा उठतो, सूर अस्वस्थ होतात, आणि आर्थर, राजा मार्क, ट्रिस्टन आणि इझोल्ड यांच्या आठवणी जाग्या होतात. ट्रिस्टन हा कॉर्नवॉलच्या मार्क राजाचा पुतण्या-भाचा आणि इझोल्ड ही आयर्लंडची राजकन्या. त्यांच्या शोकांतिकेवर जर्मन संगीतकार वाग्नर याने संगीतिका लिहिली होती. तिच्यातला एक छोटा स्वरसमूह बॅक्स यांनी इथे मुद्दाम गुंफला आहे. जाणकाराला तो ऐकताच ओळखू येतो. आपल्याकडे गवई एखादा राग गाताना दुसऱ्या रागाची सावली क्षणभर दाखवून परततो, तसेच हे आहे. तिसऱ्या टप्प्यात वादळ निवळते, समुद्राची चाल परत येते, आणि अखेरीस किल्ला पुन्हा उन्हावाऱ्यात ताठ उभा दिसतो.

स्वरांविषयी एक गोष्ट नोंदवते. आयरिश आणि स्कॉटिश लोकगीतांत पाच स्वरांच्या चाली पुष्कळ आढळतात. त्यांतल्या काही ऐकताना आपल्याला भूप किंवा दुर्गा आठवतो. बॅक्स यांनी तयार लोकगीते सहसा उचलली नाहीत. त्या चालींचे वळण अंगी मुरवून त्यांनी स्वतःच्या चाली केल्या. शिवाय एकाच वेळी अनेक स्वर वाजवण्याची, म्हणजे हार्मनीची, दाट वीण त्यांच्याकडे आहे. आपल्या कानाला तानपुऱ्याच्या स्थिर षड्जाची सवय असते. इथे षड्जच हलत राहतो. त्यामुळे पहिल्या वेळी गोंधळायला होते. तीनदा ऐकले म्हणजे गोंधळ ओसरतो.

१९१६ आणि नंतर

आता मूळ प्रश्नाकडे वळते. एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनला ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला. तो मोडून काढण्यात आला आणि पुढाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांतल्या पॅट्रिक पीअर्स या शिक्षक-कवीला बॅक्स भेटलेले होते. त्यांनी पीअर्सच्या स्मरणार्थ वाद्यवृंदाची रचना लिहिली. बॅक्स यांच्या हयातीत ती वाजली नाही. डर्मट ओ'बर्न या नावाने त्यांनी उठावावर कविता केल्या. १९१८ मधील त्या संग्रहावर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी बंदी घातली. म्हणजे आयर्लंडवरचे त्यांचे प्रेम पऱ्या आणि समुद्र यांच्यापाशीच थांबले नाही. महायुद्ध चालू असताना, आपल्याच देशाच्या सरकारविरुद्ध, त्यांनी शब्द लिहिले.

पण जमाखर्च मांडायचा तर दोन्ही बाजू लिहाव्या लागतात, हे वाणिज्य शाखेने आम्हाला शिकवले आहे. बॅक्स यांच्याजवळ पैसा होता. ग्लेनकोलमकिलचा कोळी हिवाळ्यात गाव सोडू शकत नव्हता. बॅक्स लंडनला परतू शकत होते. बंदी पुस्तकावर आली, त्यांच्यावर खटला झाला नाही. पुढे १९३७ साली त्यांना इंग्लंडच्या राजाकडून 'सर' हा किताब मिळाला आणि १९४२ मध्ये राजाचे संगीतप्रमुख हे मानाचे पद मिळाले. १९१६ च्या उठावासाठी लिहिलेल्या त्या न वाजलेल्या रचनेतली चाल त्यांनी १९४८ च्या 'ऑलिव्हर ट्विस्ट' या इंग्रजी चित्रपटाच्या संगीतात वापरली. चित्रपटगृहातील किती प्रेक्षकांना त्या चालीचे मूळ ठाऊक असेल?

मग आयर्लंडने त्यांना आपले मानले का? १९४७ साली तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाने त्यांना सन्मान्य पदवी दिली. उतारवयात ते कॉर्कच्या विद्यापीठात संगीताचे परीक्षक म्हणून जात असत. ३ ऑक्टोबर १९५३ रोजी कॉर्कमध्येच त्यांचे निधन झाले आणि तिथल्याच दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

हे आपले कुठे?

बॅक्स एकटे नव्हते. त्यांचे समकालीन गुस्टाव होल्स्ट संस्कृत शिकले. त्यांनी ऋग्वेदातील सूक्तांना चाली दिल्या, इंद्रावर स्वरकाव्य लिहिले आणि महाभारतातील सावित्रीच्या आख्यानावर छोटी संगीतिका रचली. ती १९१६ मध्ये लंडनला झाली. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळताना आपण जिची कथा ऐकतो तीच ही सावित्री. जॉन फोल्ड्स या दुसऱ्या इंग्रज संगीतकाराने १९११ मध्ये 'केल्टिक स्वीट' ही वाद्यवृंदाची लोकप्रिय रचना केली. १९३५ मध्ये तो हिंदुस्थानात आला, दिल्लीच्या आकाशवाणीवर पाश्चात्य संगीत विभाग त्याने सांभाळला, देशी वादकांचा वाद्यवृंद उभा केला आणि १९३९ साली कलकत्त्यात वारला. याच फोल्ड्सने हिंदुस्थानी संगीतात हार्मोनियम वापरू नये असे आग्रहाने लिहिले. १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती कित्येक वर्षे टिकली. विजापुरे मास्तरांच्या गावात हे वाचताना गंमतही वाटते आणि विषादही. दुसऱ्याच्या संगीतावर प्रेम करणारा माणूस त्या संगीताचे वळण ठरवू पाहतो, तेव्हा प्रेमाची जागा अधिकार घेऊ लागतो.

आपल्याकडचा दाखला याहून जवळचा आहे. शिवपुत्र कोमकली हा कानडी घरातला मुलगा मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकला आणि कुमार गंधर्व झाला. १९४८ साली आजारपणामुळे देवासला गेला आणि माळव्याच्या बायका-माणसांची गाणी अंथरुणावर पडून ऐकत राहिला. त्या धुनांतून त्यांनी नवे राग निर्माण केले, त्यांची स्वरलिपी १९६५ साली 'अनूपरागविलास' मध्ये छापली, आणि मराठी श्रोत्यांनी त्यांना आपले म्हणून डोक्यावर घेतले. कानडी मुलाने माळवी गाणे ऐकावे आणि मराठी माणसाने त्याला दाद द्यावी, यात कुणालाही वावगे वाटले नाही.

आमच्या शहापूरचेच पाहा. संस्थानी काळात हे गाव सांगलीकर पटवर्धनांकडे होते. त्याच सांगलीत १८४२ मध्ये उत्तर कानड्यातील कर्कीच्या भागवत मंडळींचे खेळ झाले. ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भावे यांना तसे काही मराठीत करायला सांगितले, आणि १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभे राहिले. मराठी रंगभूमीची सुरुवात आपण तिथून मानतो. 'संगीत शाकुंतल' लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर आजही चौंडके दोन्ही भाषांतल्या गाण्यांना साथ देते, आणि रेणुका-परशुरामाची ती कथा आमची की तुमची असे तिथे कुणी विचारत नाही.

माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झाले. गल्लीत, बसमध्ये आणि बाजारात मी कानडी बोलते. पाटीवर कोणती भाषा आधी असावी यावर आमच्या भागात माणसे हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली आहेत. भाषेच्या हक्काचा प्रश्न खरा आहे आणि तो संगीताने सुटणार नाही, हे मला कळते. आयर्लंडचा प्रश्नही बॅक्स यांच्या स्वरकाव्यांनी सुटला नाही. पण दुसऱ्याची कथा घेण्याची एक रीत त्यांच्याकडून शिकता येते. आधी तिथे जाऊन राहावे, तिथली भाषा शिकावी, कथा कोणाकडून घेतली ते सांगावे, आणि त्या लोकांवर वाईट वेळ आली तेव्हा आपण कुठे उभे होतो याचा हिशेब द्यावा. बॅक्स यांच्या खात्यात पहिल्या तीन नोंदी जमेच्या आहेत. चौथी निम्मी जमेची आणि निम्मी नावे आहे, असे माझे मत झाले. वाचकांचे वेगळे होऊ शकेल.

आपल्या महाविद्यालयाच्या दोन्ही भाषा मंडळांना एक सूचना करते. एखाद्या शनिवारी दुपारी सभागृहात 'टिंटॅजेल' ऐकवावे. पंधरा मिनिटेच लागतात. आधी कथा सांगावी लागेल. ती मराठीत मी सांगेन. कानडीत सांगणारा कोणी पुढे यावा.